दाखल-नोंदवहीतील धूर : नागरी वायुप्रदूषणाच्या इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासकास 'साधन' म्हटले की प्रथम आठवतात ते ताम्रपट, शिलालेख, बखरी, फर्माने आणि दफ्तरखान्यातील रुमाल. रुग्णालयाच्या दाराशी टेबलावर पडलेली जाड बांधणीची नोंदवही त्या यादीत सहसा येत नाही. तारीख, नाव, वय, पत्ता, आजार, वॉर्ड आणि खाटेचा क्रमांक एवढेच तिचे रकाने. लिहिणारा कारकून इतिहास लिहीत नसतो, तो आलेल्या माणसाची नोंद करीत असतो. तथापि विसाव्या शतकात मोठ्या शहरांच्या हवेविषयी जो वाद झाला, त्याचा निर्णय लावणाऱ्या कागदपत्रांत या नोंदवहीचे स्थान मोलाचे आहे.

या वादाचे मूळ एका साध्या अडचणीत आहे. पटकीने वा प्लेगने माणूस गेला, तर मृत्यूच्या दाखल्यावर त्या रोगाचे नाव येते. धुराने माणूस गेला, तर दाखल्यावर ब्राँकायटिस, न्यूमोनिया, दमा किंवा हृदयविकार असे लिहिले जाते. हे आजार धूर नसतानाही होतात. त्यामुळे एकेका रुग्णाकडे पाहून 'याला हवेने आजारी पाडले' असे सांगणे वैद्यासही कठीण जाते आणि ते नाकारणे राज्यकर्त्यास नेहमीच सोपे जाते. धुराचा परिणाम दिसतो तो शेकडो रुग्ण तारखेवार एका ओळीत मांडल्यानंतर. ही मांडणी जेथे झाली तेथे वाद पुढे सरकला. जेथे झाली नाही तेथे तो अद्याप 'पुरावा नाही' या वाक्यापाशी अडलेला आहे.

लेखाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखात लंडनमधील १९५२ चे धुरके ही मध्यवर्ती घटना मानली आहे. तिच्या जोडीला अमेरिकेतील यूटा राज्यातील १९८६-८७ ची घटना आणि पुन्हा लंडनमध्येच २०२० साली लागलेला एक निर्णय यांचा विचार केला आहे. या तीन प्रसंगांत रुग्णालयातील दाखल-नोंदींनी काय सिद्ध केले, काय सिद्ध होऊ शकले नाही आणि या अनुभवाच्या प्रकाशात मुंबईसारख्या शहराच्या इतिहासलेखनापुढे कोणता प्रश्न उभा राहतो, हे तपासणे हा लेखाचा हेतू आहे. वैद्यकशास्त्रीय चर्चा आवश्यक तेवढीच केली असून भर नोंदींच्या इतिहासावर आहे.

लंडनचा धूर आणि मोजणीची परंपरा

लंडनमधील धुराची तक्रार जुनी आहे. जॉन एव्हलिन याने १६६१ साली 'फ्युमिफ्युजियम' ही पुस्तिका लिहून दगडी कोळशाच्या धुराकडे राजा दुसरा चार्ल्स याचे लक्ष वेधले होते. पुढच्याच वर्षी, १६६२ मध्ये, जॉन ग्राँट या व्यापाऱ्याने लंडनच्या साप्ताहिक मृत्युपत्रकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एव्हलिनने धुराचे वर्णन केले आणि ग्राँटने मृत्यू मोजले. या दोन वाटा एकत्र येण्यास मात्र जवळजवळ तीन शतके लागली.

एकोणिसाव्या शतकात धुक्याच्या दिवसांत मृत्यू वाढतात हे अनेकांच्या लक्षात आले होते. १८७३ च्या डिसेंबरातील दाट धुक्यात पशुप्रदर्शनासाठी आणलेली जनावरे गुदमरून मेल्याची घटना बरीच गाजली. धूर आणि धुके यांच्या मिश्रणास 'स्मॉग' हे नाव १९०५ साली हेन्री दे व्हू या डॉक्टरांनी रूढ केले. मराठीत आपण त्यास 'धुरके' म्हणतो. तरीही सर्वसामान्य समजूत अशी होती की लंडनचे धुके ही त्या शहराची खासियत आहे आणि घरातील उघड्या शेगडीत पेटणारा कोळसा हे सुखी कुटुंबाचे लक्षण आहे. १९३० च्या डिसेंबरात बेल्जियममधील म्यूज नदीच्या खोऱ्यात साठांहून अधिक माणसे दगावली. १९४८ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील डोनोरा या पोलादनगरीत वीस माणसे मरण पावली आणि हजारो आजारी पडली. या घटना लंडनला ठाऊक होत्या, परंतु त्या कारखान्यांनी गजबजलेल्या अरुंद खोऱ्यांतील अपघात मानल्या गेल्या.

५ ते ९ डिसेंबर १९५२

५ डिसेंबर १९५२ रोजी, शुक्रवारी, लंडनवर प्रत्यावर्ताची स्थिती निर्माण झाली. वारा पडला. जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरचा थर उबदार अशी तापमानाची विपरीतता झाली. एरवी धूर वर चढून विरतो. या स्थितीत उबदार हवेच्या थराने शहरावर झाकण घातल्यासारखे झाले. कडाक्याच्या थंडीमुळे लाखो घरांतील शेगड्या पेटलेल्या होत्या. युद्धोत्तर टंचाईच्या त्या काळात चांगल्या प्रतीचा कोळसा निर्यातीस जाई आणि घरगुती वापरासाठी भुकटीयुक्त, हलक्या प्रतीचा कोळसा मिळे. शहराच्या मध्यभागी बॅटरसी व बँकसाइड येथील वीजकेंद्रेही कोळशावरच चालत होती. ब्रिटिश हवामान खात्याच्या अंदाजानुसार त्या दिवसांत रोज सुमारे १,००० टन धूलिकण आणि ३७० टन सल्फर डायऑक्साइड हवेत मिसळत होता. त्या वायूपासून रोज सुमारे ८०० टन सल्फ्युरिक आम्ल तयार होत होते.

मंगळवारी, ९ डिसेंबरला, वारा सुटेपर्यंत शहर ठप्प होते. बसगाड्या थांबल्या, भुयारी रेल्वे तेवढी चालू राहिली. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुरके शिरल्याने संगीतिकेचा प्रयोग अर्धवट सोडावा लागला. रुग्णवाहिकेपुढे एकाने दिवा घेऊन चालावे आणि मागून चालकाने गाडी हाकावी, अशी परिस्थिती होती. असे असूनही त्या पाच दिवसांत लंडनकरांना आपण एका आपत्तीतून जात आहोत याची जाणीव झाली नाही. रस्त्यात प्रेते पडली नाहीत. माणसे आपापल्या घरी, आपापल्या अंथरुणात धाप लागून गेली. शवपेट्यांची आणि फुलांची टंचाई भासू लागली, तेव्हा काही विपरीत घडल्याचे ध्यानात आले.

आकडे पुढे आले ते निबंधकांच्या कार्यालयातून. बृहन्‌लंडनमध्ये ६ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात २,०६२ मृत्यूंची नोंद झाली होती. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात ती ४,७०३ झाली. मृतांत वृद्ध, अर्भके आणि आधीपासून फुप्फुसांचे वा हृदयाचे विकार असलेले लोक यांचे प्रमाण मोठे होते.

खाटांची मागणी : एक वेगळी नोंदवही

मृत्यूंची नोंद दिवसांनी उशिरा होते. आजार मात्र त्याच दिवशी दार ठोठावतो. या दृष्टीने लंडनमध्ये एक अनन्यसाधारण व्यवस्था अस्तित्वात होती. किंग एडवर्ड हॉस्पिटल फंड या संस्थेने १९३८ साली 'इमर्जन्सी बेड सर्व्हिस' सुरू केली होती. तातडीच्या रुग्णासाठी खाट हवी असल्यास घरगुती डॉक्टराने एकाच कार्यालयात दूरध्वनी करावयाचा आणि तेथील कर्मचाऱ्यांनी शहरातील रुग्णालयांत विचारणा करून खाट मिळवून द्यावयाची, अशी ही पद्धत होती. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यानंतर, खर्चाची धास्ती नसल्यामुळे, या मागणीत समाजाच्या सर्व थरांचे प्रतिबिंब पडू लागले होते.

या कार्यालयाने प्रत्येक मागणीची नोंद ठेवली होती. साऱ्या शहराची रोजची निकड एकाच वहीत उतरली, ही येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. एखाद्या रुग्णालयाच्या वॉर्डातील परिचारिकेस आज दमेकरी अधिक आले एवढेच जाणवेल; ते आजच का आले आणि सगळीकडेच आले का, हे तिला कळणार नाही. दूरध्वनीच्या या वहीत ते दिसले. डिसेंबरच्या त्या दिवसांत श्वसनविकाराच्या रुग्णांसाठी होणारी मागणी नेहमीच्या दुपटीहून अधिक झाली आणि धुरके विरल्यानंतरही ती लगेच पूर्ववत झाली नाही. धूर ओसरला तरी फुप्फुसांतील इजा ओसरलेली नव्हती.

आणखी एक बारकावा येथे नोंदविला पाहिजे. रुग्णालयात 'दाखल' झालेल्यांची संख्या आणि दाखल होऊ इच्छिणाऱ्यांची संख्या या दोन भिन्न बाबी आहेत. खाटा भरल्या की दाखल रुग्णांचा आलेख सपाट होतो. आजार थांबला म्हणून नव्हे, जागा संपली म्हणून. मागणीची वही स्वतंत्र असल्यामुळे लंडनच्या बाबतीत हा दोष बऱ्याच अंशी टळला. कोणत्याही शहराच्या दाखल-नोंदी वाचताना इतिहासकाराने हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

इन्फ्लुएन्झाचा युक्तिवाद

शासनाची पहिली प्रतिक्रिया टाळाटाळीची होती. घरोघरच्या शेगड्या बंद करणे म्हणजे मतदारांच्या बैठकीच्या खोलीत हात घालणे होते. युद्धोत्तर अर्थव्यवस्थेस तो खर्चही नको होता. संसदेतील प्रश्न आणि वृत्तपत्रांतील टीका यांचा रेटा वाढल्यानंतर १९५३ साली सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. तिचा अंतिम अहवाल १९५४ मध्ये आला. जेराल्ड नॅबारो या खासदारांनी खासगी विधेयक मांडून शासनास कोंडीत पकडले आणि अखेर १९५६ साली 'स्वच्छ हवा कायदा' संमत झाला. धूरमुक्त क्षेत्रे जाहीर करण्याचा अधिकार त्यामुळे स्थानिक संस्थांना मिळाला.

तथापि जीवितहानीचा हिशेब अपुराच राहिला होता. आरोग्य मंत्रालयाच्या १९५४ च्या अहवालाने धुरक्यामुळे झालेल्या अधिक मृत्यूंची संख्या सुमारे ४,००० मानली आणि हिशेब २० डिसेंबरपाशी थांबविला. त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीतही मृत्यू नेहमीपेक्षा बरेच अधिक होते. त्यांचे कारण इन्फ्लुएन्झाची साथ हे सांगण्यात आले. त्या हिवाळ्यात साथ खरोखरच होती, त्यामुळे हा युक्तिवाद पटण्याजोगा होता. अर्धे शतक तोच प्रमाण मानला गेला.

२००१ साली मिशेल बेल आणि देव्रा डेव्हिस या अमेरिकी संशोधकांनी हा हिशेब पुन्हा मांडला. डेव्हिस यांचे बालपण डोनोरा गावातच गेले होते, हा योगायोग विसरण्याजोगा नाही. मृत्यूंच्या जोडीला त्यांनी खाटांच्या मागणीच्या आणि आजारपणाच्या नोंदी तपासल्या व त्यांची सांगड हवेतील प्रदूषकांच्या मोजमापांशी घातली. डिसेंबर १९५२ ते फेब्रुवारी १९५३ या काळात सुमारे १२,००० अधिक मृत्यू झाले असावेत आणि इन्फ्लुएन्झाने त्यांतील लहानसा भागच स्पष्ट होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हा आकडा सर्वांनी जसाच्या तसा मान्य केला असे नाही. परंतु वाद पुन्हा उघडता आला तो पन्नास वर्षांपूर्वीच्या नोंदी शिल्लक असल्यामुळेच. अधिकृत अहवालाने जेथे पूर्णविराम दिला होता, तेथे जतन केलेल्या आकड्यांनी स्वल्पविराम घातला.

यूटाचे खोरे : चिमणी बंद झाली तेव्हा

लंडनची घटना अतितीव्र होती. यावरून असा समज होऊ शकत होता की अशा भयंकर दिवसांखेरीज रोजची नागरी हवा निरुपद्रवी असते. हा समज ढासळण्यास अमेरिकेतील यूटा खोऱ्यातील एक घटना कारण झाली. डोंगरांनी वेढलेल्या या खोऱ्यात जिनीव्हा नावाचा पोलाद कारखाना होता. कामगार-तंट्यामुळे तो १ ऑगस्ट १९८६ रोजी बंद पडला आणि मालकी बदलल्यानंतर सप्टेंबर १९८७ मध्ये पुन्हा सुरू झाला. म्हणजे मधला एक हिवाळा कारखान्याच्या धुराविना गेला.

प्रोव्हो येथील ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील सी. आर्डेन पोप हे अर्थशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी खोऱ्यातील रुग्णालयांच्या दाखल-नोंदी मिळवून कारखाना चालू असतानाचे आणि बंद असतानाचे हिवाळे शेजारी शेजारी ठेवले. त्यांचा निबंध १९८९ साली प्रसिद्ध झाला. कारखाना चालू असताना ब्राँकायटिस व दमा यांसाठी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद काळाच्या दुप्पट ते तिप्पट होती. धूम्रपानास दोष देण्याची सोयही येथे नव्हती, कारण खोऱ्यातील बहुसंख्य रहिवासी मॉर्मन पंथाचे असून त्यांच्यात धूम्रपानाचे प्रमाण अत्यल्प आहे. एखाद्या विशिष्ट हिवाळ्यातील विषाणूच्या साथीमुळे हा फरक पडला असेल, हा आक्षेप घेण्यात आला. त्याचे उत्तर त्याच राज्यातील, पोलाद कारखाना नसलेल्या कॅश खोऱ्याच्या नोंदींनी दिले. तेथे त्या हिवाळ्यात तशी घट आढळली नाही.

येथे दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, पोप यांनी एकाही रुग्णास तपासले नाही. त्यांनी नोंदवह्या वाचल्या. दुसरी, कारखाना बंद करण्याचा प्रयोग कोणी वैज्ञानिकाने योजला नव्हता. तो तंट्यातून आपोआप घडला. असे प्रसंग इतिहासात वारंवार घडतात. त्यांचा अर्थ लावता येतो की नाही, हे त्या काळी कोणी तारखेवार नोंद ठेवली होती काय, यावर अवलंबून असते.

एका मुलीचे दाखले : लंडन २०१३-२०२०

समूहाच्या आकड्यांनी सिद्ध झालेली गोष्ट एका व्यक्तीच्या मृत्यूस लागू करता येईल काय, हा प्रश्न कायद्यापुढे राहिला होता. आग्नेय लंडनमधील लुईशम भागात, वर्दळीच्या साउथ सर्क्युलर रस्त्यालगत राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये तीव्र दम्याने मरण पावली. अखेरच्या सुमारे तीन वर्षांत तिला जवळपास तीस वेळा रुग्णालयात न्यावे लागले होते. २०१४ च्या पहिल्या चौकशीत श्वसनक्रिया बंद पडणे एवढेच कारण नोंदले गेले. तिच्या आईने पाठपुरावा सोडला नाही. श्वसनरोगतज्ज्ञ प्रा. स्टीफन होल्गेट यांनी मुलीच्या दाखल होण्याच्या तारखा घराजवळील हवा-मापन केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. पहिला निष्कर्ष रद्द होऊन पुन्हा चौकशी झाली आणि १६ डिसेंबर २०२० रोजी मृत्युसमीक्षकाने वायुप्रदूषणाचा तिच्या मृत्यूस हातभार लागल्याचे नोंदविले. ब्रिटनमध्ये एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाचा समावेश प्रथमच झाला.

एव्हलिनच्या पुस्तिकेपासून या नोंदीपर्यंत सुमारे ३६० वर्षांचे अंतर आहे. १९५२ ला हजारोंची संख्या होती, पण नाव एकाचेही नव्हते. २०२० मध्ये एका नावासमोर धुराची नोंद झाली. दोन्ही वेळा पुरावा एकाच स्वरूपाचा होता : रुग्ण आल्याची तारीख आणि त्या तारखेची हवा.

मुंबईच्या संदर्भात

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची पायाभरणी केली आणि पुढील अर्धशतकात परळ-लालबागच्या परिसरात गिरणगाव उभे राहिले. चिमण्यांचा धूर हा तेथील आकाशाचाच भाग झाला. १९१२ साली मुंबईसाठी धूर-उपद्रव कायदा करण्यात आला. कायद्याच्या नावातील 'उपद्रव' हा शब्दच बोलका आहे. कायद्याची नजर चिमणीतून निघणाऱ्या धुराच्या काळेपणाकडे होती. चाळीतील माणसाच्या छातीकडे नव्हती. १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून वीज येऊ लागल्यावर गिरण्यांचे कोळशावरील अवलंबित्व हळूहळू कमी झाले. १९५० च्या दशकात चेंबूर-तुर्भे परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने आले, पुढे खत कारखाना आला आणि धुराचे केंद्र पूर्वेकडे सरकले.

याच गिरणगावात, परळ येथे, १९२६ साली केईएम रुग्णालय सुरू झाले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील कमी-अधिक प्रदूषित वस्त्यांतील रहिवाशांची तपासणी करून त्यांची तुलना ग्रामीण भागाशी केली. अधिक प्रदूषित वस्त्यांत खोकला व धाप लागण्याच्या तक्रारी अधिक आढळल्या. भारतीय शहरांविषयीच्या आरंभीच्या पद्धतशीर अभ्यासांपैकी हा एक होय. मुंबईतील प्रश्न कोणी विचारलाच नाही, असे म्हणणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल. परंतु हा अभ्यास घरोघरच्या तपासणीवर उभा होता; साऱ्या शहराची रोजची निकड सांगणारी लंडनसारखी एकच वही त्याच्यामागे नव्हती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. या संपाचा आर्थिक, राजकीय आणि वाङ्मयीन अंगांनी विपुल अभ्यास झाला आहे. यूटाच्या उदाहरणानंतर आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो : गिरण्यांचे भोंगे थांबले त्या काळात परळ-लालबागमधील मुलांच्या दम्याचे काय झाले? उत्तर सरळ असणार नाही. गिरण्यांचे माग तोवर विजेवर चालत होते, तरी बॉयलर होते. शहरात वाहनांचा धूर होता. आणि संपकाळातील उपासमारीने आरोग्यावर उलटा परिणाम केला असणार. तरीही हा प्रश्न वैध आहे आणि त्याचे उत्तर शोधावयाचे तर पत्ता व निदान यांसह तारखेवार दाखल-नोंदी हाती असाव्या लागतील.

येथेच एक व्यावहारिक अडचण पुढे येते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जतन करावयाचे आहेत. रुग्णाच्या हक्काच्या दृष्टीने ही मुदत ठरविली असावी. इतिहासाच्या दृष्टीने ती फारच तोकडी आहे. लंडनचा हिशेब पन्नासाव्या वर्षी दुरुस्त झाला. तीन वर्षांनंतर केसपेपर रद्दीत जाऊ शकत असतील, तर आपला हिशेब दुरुस्त करण्याची संधी पुढील पिढीस राहणार नाही.

'पुरावा नाही' या वाक्याचा इतिहास

६ डिसेंबर २०१९ रोजी, लंडनच्या धुरक्यास बरोबर ६७ वर्षे होत असताना, लोकसभेत तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी प्रदूषण आणि आयुर्मानातील घट यांचा संबंध दाखविणारा भारतीय अभ्यास नाही, अशा आशयाचे उत्तर दिले. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यसभेत शासनाने दिलेल्या माहितीनुसार २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत दिल्लीतील सहा केंद्रीय रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत तीव्र श्वसनविकाराचे दोन लाखांहून अधिक रुग्ण आले व त्यांपैकी तीस हजारांहून अधिक जणांना दाखल करावे लागले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, पाच ठिकाणी झालेल्या अभ्यासात प्रदूषण वाढते तेव्हा तातडीच्या विभागातील रुग्णही वाढतात असे आढळल्याचेही सांगण्यात आले. मात्र यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, अशी पुस्तीही जोडण्यात आली.

ही पुस्ती शास्त्रदृष्ट्या चुकीची नाही. दोन गोष्टी एकत्र वाढल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. परंतु लंडन आणि यूटा यांचा इतिहास पुढचा टप्पा दाखवितो. साथ होती काय, थंडी किती होती, धूम्रपान किती, शेजारच्या खोऱ्यात काय घडले, अशा एकेका पर्यायी कारणाची तपासणी करीत गेले की संशयाची जागा आकसत जाते. ही तपासणी नोंदींवाचून होत नाही. नोंदी असताना ती न करणे आणि नोंदी नाहीत म्हणून संबंध नाही असे मानणे, या दोन्ही गोष्टींचा लाभ धुरालाच होतो.

नोंदवहीच्या मर्यादा

नोंदवहीचे महत्त्व सांगताना तिचे मौनही सांगितले पाहिजे. जो रुग्णालयापर्यंत पोहोचलाच नाही, तो तिच्यात नाही. १९५२ साली मोफत आरोग्य सेवा असूनही अनेक लंडनकर घरीच मरण पावले. आपल्याकडे रोजंदारी बुडेल म्हणून खोकला अंगावर काढणारा बांधकाम मजूर, चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली गृहिणी, खासगी दवाखान्यात वाफ घेऊन परतणारे मूल यांची नोंद मोठ्या रुग्णालयाच्या वहीत होत नाही. सार्वजनिक रुग्णालयाच्या नोंदींत गरीब रुग्ण अधिक दिसतात, तर श्रीमंत रुग्ण खासगी रुग्णालयांच्या विखुरलेल्या संगणकांत अडकलेले असतात. पत्त्याच्या रकान्यात गावाकडचा पत्ता असेल, तर माणसाने कोणती हवा घेतली हे कळत नाही. म्हणून दाखल-नोंदींचा आकडा हा हानीचा किमान आकडा समजावा.

समारोप

वायुप्रदूषणाचा इतिहास बहुधा कायद्यांचा आणि यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वरील विवेचनावरून असे दिसते की त्याच्या मुळाशी मोजणीचा इतिहास आहे. लंडनमध्ये खाटेसाठी आलेल्या प्रत्येक दूरध्वनीची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी धुराविरुद्ध कोणतीही चळवळ केली नाही. त्यांनी तारीख लिहिली आणि आकडा लिहिला. त्या आकड्यांमुळे एका अधिकृत स्पष्टीकरणास पन्नास वर्षांनी आव्हान देता आले.

महाराष्ट्रातील अभ्यासकांच्या दृष्टीने यातून दोन कामे निघतात. सार्वजनिक रुग्णालयांच्या जुन्या दाखल-नोंदवह्या, रुग्णाच्या नावाची गोपनीयता राखून, अभिलेखागाराच्या दर्जाने जतन व्हाव्यात, असा आग्रह इतिहास विभागांनी धरावा. आणि चालू नोंदींत तारीख, वास्तव्याचा सध्याचा पत्ता, वय व निदान हे चार रकाने काटेकोरपणे भरले जावेत. दप्तरखान्यातील मोडीचे रुमाल वाळवीपासून वाचविण्यासाठी आपल्या पूर्वसुरींनी आयुष्ये वेचली. रुग्णालयाच्या तळघरातील वह्यांना त्याच आस्थेची गरज आहे. एखाद्या मुलास कोणत्या दिवशी श्वास लागला हे कोणीतरी लिहून ठेवले आणि ते जपले, तरच त्या दिवसाच्या हवेला कधी तरी जाब विचारता येईल.